भिंतीच्या फटीतला ताप

हिंगोली जिल्ह्यात आखाड्यावर कुत्रा नाही असा शेतकरी विरळाच. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत, हळद शिजवण्याच्या दिवसांत उघड्यावरच्या मालाची राखण व्हावी, म्हणून कित्येकांची बैलजोडी गेली तरी कुत्रा राहिला. सेनगाव-औंढ्याच्या माळांवर मेंढ्या वळणाऱ्यांचं तर त्याच्यावाचून चालतच नाही. असा धडधाकट कुत्रा एकाएकी भाकरीला तोंड लावेनासा होतो, सावली धरून पडून राहतो, कधी नाकातून रक्त येतं आणि काही दिवसांत मरतो. ‘काहीतरी इखारी खाल्लं असंल’ किंवा ‘पान लागलं असंल’ म्हणत त्याला बांधाला पुरतात. पुष्कळदा खरं कारण त्याच्या कानातच चिकटलेलं असतं.

कानाची पाळी उलटी करून पाहा. आतल्या मऊ कातडीत डोकं रुतवून बसलेले तपकिरी गोचीड दिसतील. पायाच्या बोटांच्या बेचक्यात आणि गळ्याच्या पट्ट्याखालीही सापडतील. गोचीड कीटक नव्हे, तो कोळी-विंचवांच्या कुळातला. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात, पुढे आठ होतात. कुत्र्यावरचा हा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि दर वेळी पोट भरलं की खाली गळून पडतो. रक्त पिऊन राखाडी, टम्म झालेली मादी भिंतीवर चढते, एखादी फट गाठते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. म्हणजे त्याच्या आयुष्यातले थोडेच दिवस कुत्र्याच्या अंगावर जातात. बाकीचा काळ मातीच्या भिंतीत, चौकटीमागे, दगडांच्या सांध्यांत. मोठा झालेला गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. आपण औषध लावतो ते कुत्र्याला, आणि आजाराचं बिऱ्हाड मात्र भिंतीत तसंच राहतं. माझ्या मते गावातला गोचीड-ताप हटत नाही तो इथे.

गोचीड-ताप हा एकच आजार नाही. एर्लिकिया हा जीवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो. मग प्लेटलेट घटतात, म्हणून नाकातून रक्त. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे शेकडो कुत्रे ह्याच रोगाने गेले. बबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशी फोडतो; हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी लालसर होते. त्याची एक जात आपल्याच देशात प्रथम सापडली: १९१० साली पॅटन ह्या संशोधकाने मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात ती पाहिली आणि नंतर कोल्ह्यांतही. आपल्या उसाच्या फडातून रात्री कोल्हेकुई ऐकू येते, तेव्हा मला ही नोंद हटकून आठवते. तिसरा हिपॅटोझून. त्याची तऱ्हाच निराळी: तो गोचीड चावल्याने होत नाही, गोचीड गिळल्याने होतो. खाज सुटली की कुत्रा दातांनी अंग खाजवतो, गोचीड पोटात जातो आणि सोबत रोगही. दिल्ली, मुंबई, सिक्कीम आणि लडाख इथल्या ५२५ भटक्या कुत्र्यांच्या पाहणीत (ती २०११ साली छापून आली) सर्वाधिक आढळला तो हाच.

उपचार आहेत. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. दोन-तीन दिवसांत कुत्रा शेपूट हलवत भाकरी खाऊ लागतो आणि गोळ्या तिथेच थांबतात. रोग मात्र आत दबून राहतो आणि महिन्यांनी उलटतो. बबेसियाची औषधं वेगळी, म्हणून रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासणं महत्त्वाचं. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, शेजारी परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाय-म्हैस नेतो तसा कुत्राही तिथे न्यावा, ह्यात लाजण्यासारखं काही नाही. तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावलेल्या नामदेवांचं नरसी ह्याच जिल्ह्यात आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कपाशी-सोयाबीनवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला चोळू नका. तो अंग चाटतो, तोंडाला फेस येतो, झटके येतात. तापाआधी विषबाधाच त्याला नेते. जनावरांसाठीचं गोचीडनाशकही डॉक्टर सांगतील त्याच मात्रेत वापरा. गोचीड नखांत चिरडण्याची सवयही सोडा. ह्याच तपकिरी गोचिडातून माणसाला ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांवरही उठणारं पुरळ देणारा टिक टायफस होतो. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा.

कुत्र्याच्या आजारांत खरोखरच्या कीटकांचाही वाटा आहे. पिसवांची अळी जमिनीवरच्या कचऱ्यासोबत फीतकृमीची अंडी खाते, पुढे ती पिसू कुत्रा गिळतो आणि कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्याएवढे वळवळणारे तुकडे दिसतात ते त्याचेच. कुत्र्याशी खेळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही लागण होते. डासांमार्फत फिरणारा एक सूतकृमी कुत्र्याच्या कातडीखाली राहतो. केरळात तो माणसांच्या डोळ्यातूनही काढला गेला आहे. काळा आजाराचा दोष मात्र आपल्या कुत्र्यांवर नको: ब्राझीलमध्ये कुत्रे त्याच्या परजीवीचा साठा ठरतात, बिहारमध्ये तो आजार वाळूमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो.

दसरा-दिवाळीला घर सारवतो, चुना देतो, तेव्हा गोठ्याच्या आणि कुत्रा बसतो त्या ओसरीच्या भिंतीही घ्याव्यात. आधी फटी खरवडून माती-सिमेंटने बुजवाव्यात, चौकटीमागची धूळ काढावी, कुत्र्याच्या अंथरुणाचं जुनं पोतं जाळावं. मग डॉक्टरांनी सांगितलेलं गोचीडनाशक खालपासून आढ्यापर्यंत फवारावं, कारण मादी वर चढते. जनावरं आणि कुत्रा तेवढा वेळ बाहेर बांधावा, भिंत वाळल्यावरच आत घ्यावा. अंड्यांवर औषधाचा फारसा असर होत नाही. ती काही आठवड्यांनी फुटतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून दुसरा हात मारावा लागतो. हिंगोलीच्या उन्हाळ्यात गोचीड भराभर वाढतात, म्हणून पुढची फवारणी होळीच्या सुमारास उरकावी.