अणूचें पुस्तक आणि तुरुंगाची भिंत

बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या दिशेनें गेलें कीं तारापूरचें अणुविद्युत्केंद्र लागतें. त्याच्या उभारणीचा ठेका १९६४ सालीं एका अमेरिकन कंपनीस देण्यांत आला. त्याच वर्षीं अणूवरील एक मराठी हस्तलिखित मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगांत अडकून पडलें होतें, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

लेखक होते कम्युनिस्ट कार्यकर्ते श्री. प्रभाकर पांडुरंग संझगिरी. भारत संरक्षण नियमांखालीं ते स्थानबद्ध होते. सरकारच्या अनुज्ञेनेंच त्यांनीं ‘अणूच्या अंतरंगांत’ हें केवळ शास्त्रीय पुस्तक लिहिलें. तें छपाईसाठीं बाहेर धाडण्याची परवानगी त्यांनीं १९६३ सालीं मागितली. मार्च १९६४ मध्यें सरकारनें ती नाकारली. संझगिरी उच्च न्यायालयांत गेले व जिंकले. तेव्हां सरकारनें सर्वोच्च न्यायालय गाठलें.

सरकारचें म्हणणें असें कीं, नियमांत लिहिलेल्या तेवढ्याच सवलती बंद्यास मिळावयाच्या. पुस्तक धाडण्याची सवलत त्यांत नाहीं. ६ सप्टेंबर १९६५ रोजीं न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं हें अमान्य केलें. नियमानें जें हिरावलें नाहीं, तें बंद्याचेंच राहतें. आणीबाणीमुळें मूलभूत हक्क तहकूब असले, तरी कायद्याबाहेरचें बंधन टिकत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होय.

योगायोग असा कीं, १९६४ सालींच अमेरिकेंत इलिनॉयच्या तुरुंगांतील थॉमस कूपर या बंद्याची फिर्यादही ग्रंथांविषयींचीच होती. आपल्या धर्माचे ग्रंथ विकत घेऊं दिले जात नाहींत, ही त्याची तक्रार. १८७१ च्या नागरी हक्कांच्या कायद्यान्वयें ती ऐकलीच पाहिजे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें.

“संझगिरी स्थानबद्ध होते, परंतु ज्यांचा गुन्हा शाबीत झाला त्यांचे एवढे लाड कशास?” असें आमचे कित्येक वडीलधारे वाचक विचारतील. त्याचें उत्तर १९७८ सालीं मिळालें. तिहार तुरुंगांतील सुनील बत्रा यास फांशीची शिक्षा झाली होती; तरीही केवळ तुरुंगाधिकाऱ्यांच्या मर्जीनें त्यास एकांतकोठडींत ठेवतां येणार नाहीं, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयानें दिला. शिक्षा न्यायाधीशानें द्यावयाची. तींत स्वतःची भर घालण्याचा अधिकार तुरुंगाधिकाऱ्यास नाहीं. हा लाड नव्हे, न्याय आहे. आणि ज्या घरांत मुलांस न्याय शिकविला जातो, तेथें तुरुंगाचा विषय अशुभ म्हणून टाळूं नये, असें आम्हांस वाटतें.