बाळ गुटगुटीत आहे, मग सोनोग्राफी कशाला?

मैत्रिणींनो, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या बैठकांत आपण नेहमी कमी वजनाच्या बाळांबद्दल बोलतो. म्हणून चार किलोचं बाळ झालं की सगळे खूश! बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतंच. कधी आईला मधुमेह असला तरी बाळ मोठं होतं. पण अगदी थोड्या बाळांत ही जादा वाढच आजाराची खूण असते. त्यातला एक आजार म्हणजे बेकविथ-वीडेमान सिंड्रोम. साधारण १०,००० जन्मांमागे एखाद्या बाळाला तो असतो.

लक्ष कुठे ठेवायचं?
• जीभ मोठी, तोंडाबाहेर येणारी
• बेंबीला मोठा फुगवटा
• एका बाजूचा हात-पाय दुसऱ्यापेक्षा जाड
• कानाच्या पाळीवर चिरा

अशा बाळाची रक्तातली साखर पहिल्या दिवसांत एकदम उतरू शकते. बाळ सुस्त असेल, अंगावर ओढत नसेल, थरथरत असेल तर सकाळची वाट बघू नका. टाचेतून थेंबभर रक्त घेतलं की साखर लगेच कळते.

सोनोग्राफीत मूत्रपिंड, यकृत वाढलंय का, गाठ आहे का, ते दिसतं. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. बाळाला दुखत नाही. पक्कं निदान मात्र डॉक्टर अंगावरच्या खुणा आणि जनुकीय तपासणी मिळून करतात.

एकदा सोनोग्राफी करून भागत नाही. या मुलांना मूत्रपिंडात किंवा यकृतात कर्करोगाची गाठ होण्याचा धोका असतो. सगळ्यांना होत नाही, पण लवकर सापडली तर बहुतेक मुलं बरी होतात. म्हणून साधारण सात वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी सांगतात. "पोरगं खेळतंय की, मजुरी कशाला बुडवायची?" म्हणून ती चुकवू नका. हाताला लागेपर्यंत गाठ मोठी झालेली असते.

आणि हो, ग्रहण पाळलं नाही, अमुक खाल्लं, म्हणून हे होत नाही. सुनेला बोल लावू नका.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. तेव्हा बाळाचे कपडे काढून नीट दाखवा. सरकारी दवाखान्यात आजारी बाळावर एक वर्षापर्यंत उपचार मोफत आहेत, न्यायला १०२ गाडी आहे. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अंगणवाडीत भेटा. तीन महिन्यांनी लागणारं नाशिकचं गाडीभाडं गटाच्या अंतर्गत कर्जातून देता येईल का, हा विषय पुढच्या बैठकीत जरूर घ्या.