फ्रेम नेमकी अडते कुठे? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा हिशेब

शुक्रवारी मालेगावातील लूम बंद असतात. त्या दिवशी आमच्या भाच्याच्या गेमिंग पार्लरमध्ये बसायला जागा मिळू नये, असा आमचा हिशेब होता. आठ मशिनी, ताशी ४० रुपये दर आणि भांडवलात निम्मी रक्कम आमची. परंतु धंदा सुरू होऊन दोन महिने झाले नाहीत तोच एका शुक्रवारी आम्ही गेलो, तर तीन खुर्च्या रिकाम्या. गल्ल्यावर बसलेल्या भाच्याला कारण विचारले. तो म्हणाला, "मामू, पोरं म्हणतात गेम अडकतो. फ्रेम मिळत नाहीत."

आमचा धंदा कोऱ्या कापडाचा, शिक्षण उर्दू माध्यमातून मॅट्रिकपर्यंत. फ्रेम म्हणजे चष्म्याची नाहीतर फोटोची, एवढेच आम्हाला ठाऊक. परंतु जिथे आपला पैसा अडकला तिथली भाषा शिकणे व्यापाऱ्याला भाग असते. पुढच्या काही आठवड्यांत आम्हाला जे समजले ते इथे लिहीत आहोत. आज आपली बरीच मुले कॉम्प्युटर दुरुस्ती, गेमिंग पार्लर अशा धंद्यांत उतरत आहेत. भांडवल मात्र आमच्यासारख्या, त्यातले काही न कळणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या गल्ल्यातून जाते.

प्रथम फ्रेम म्हणजे काय ते पाहू. पडद्यावर हलताना दिसणारे चित्र प्रत्यक्षात हलत नसते. सिनेमात सेकंदाला २४ स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात, म्हणून माणूस चालताना दिसतो. सिनेमाची चित्रे आधीच काढून ठेवलेली असतात. गेमची तशी नसतात. खेळणाऱ्याने बटण दाबले, मान वळवली की त्याप्रमाणे नवे चित्र त्याच क्षणी तयार करावे लागते. असे एक चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम १६.७ भाग मिळतात. १४४ हव्या असतील तर सातही मिळत नाहीत. लूमवाल्यांना हे समजायला अवघड नाही. लूम मिनिटाला किती पिक मारतो हे आपण विचारतो, तसे हे पोरगे मशीन सेकंदाला किती फ्रेम काढते ते विचारते.

ही फ्रेम दोन कारागीर मिळून बनवतात. पहिला प्रोसेसर. कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, मध्ये भिंत आली का, शत्रू आता कोणत्या बाजूला पळणार, इंटरनेटवरून खेळणाऱ्या दुसऱ्या नऊ जणांनी काय केले, हे सर्व ठरवण्याचे काम त्याचे. ते ठरले की तो दुसऱ्या कारागिराला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला, हुकमांची यादी देतो : इथे भिंत काढ, इथे माणूस काढ, त्याची सावली इकडे पाड. कार्ड ते चित्र रंगवते. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका फ्रेममध्ये २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्यावर हा आकडा १२ कोटींच्या वर जातो. एवढे काम दोन-चार हुशार माणसांना उरकत नाही, त्याला साधे काम करणारे हजारो हात लागतात. म्हणून प्रोसेसरमध्ये चार, सहा, आठ असे मोजके पण तगडे कोर असतात. उलट २०२१ साली आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या मध्यम दर्जाच्या कार्डात ३,५८४ छोटे कोर आहेत.

आता खरी गोष्ट इथे आहे. हे दोघे एकामागोमाग काम करतात. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करतो. सायझिंगमधून बीम येतो आणि लूमवर चढतो तसे. सायझिंगवाला दिवसाला चार बीम देत असेल, तर तुम्ही शेडमध्ये कितीही वेगवान लूम आणून बसवा, कापड चार बीमचेच निघणार. आकड्यांत सांगायचे तर प्रोसेसरला एका फ्रेमच्या तयारीला १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला रंगवायला २०, तर सेकंदाला ५० फ्रेम मिळतील. दुप्पट वेगाचे कार्ड बसवले की त्याचे २० चे १० होतात आणि फ्रेम १०० वर जातात. पैसे वसूल. पण आता याहूनही महाग कार्ड बसवून १० चे ५ केले तर? फ्रेम १०० च राहतात. कार्ड अर्धा वेळ हात बांधून बसून राहते आणि त्याची किंमत तुमच्या खात्यातून गेलेली असते.

आमच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. भाच्याने ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशिनी घाऊक भावात घेतल्या. त्यांत इंटेलचा आय५-४५७० हा २०१३ सालचा चार कोरचा प्रोसेसर होता. पॉवर सप्लाय बदलून त्यावर नवी कोरी आरटीएक्स ३०६० कार्डे चढवली. दुकानदाराने सांगितले, "आय५ आहे, बिनधास्त चालवा." आता आय५ हे नाव इंटेलने २००९ पासून लावले. त्या नावाचा २०१३ चा माल आणि २०२२ चा माल यांत जमीन-अस्मानाचा फरक. पॉपलीन म्हटले म्हणून सगळे पॉपलीन सारखे असते काय? आपण काउंट विचारतो, रीड-पिक विचारतो, मग भाव बोलतो. तसे इथे आय५ नंतरचा आकडा विचारायचा. ४५७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी, १२४०० मधला १२ म्हणजे बारावी. एवढे विचारले असते तर आमचे पुष्कळ पैसे वाचले असते.

दोष कोणाचा हे शोधायला आम्ही एक गुरुवार रात्र मशिनींसमोर काढली. भाच्याने आफ्टरबर्नर नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चढवला. खेळ चालू असतानाच तो पडद्याच्या कोपऱ्यात दोन्ही कारागिरांची हजेरी दाखवतो. काउंटर-स्ट्राइक २ लावला. कार्ड ४०-४५ टक्के कामात, प्रोसेसरचे चारही कोर शंभराला टेकलेले. फ्रेम ७०-८०, पण धूर झाला, गोळीबार सुरू झाला की ३५ वर. मग आम्ही चित्राचे ठिपके कमी केले, १२८० बाय ७२० वर आणले, सावल्या बंद केल्या. फ्रेम जिथल्या तिथे! हीच मोठी परीक्षा. ठिपके कमी केल्याने कार्डाचे ओझे उतरते. तरीही फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडवणूक प्रोसेसरकडे आहे असे समजावे. वाढल्या, तर कार्ड कमी पडते आहे.

एक सावधगिरी. आठ कोरच्या मशीनवर प्रोसेसरचा एकूण वापर ३०-४० टक्केच दिसतो आणि माणूस म्हणतो, प्रोसेसर तर रिकामा आहे. तसे नसते. गेमचे बरेचसे मुख्य काम एक-दोन कोरवरच पडते. बाकीचे सहा चहा पीत असले तरी तो एक दमला की गाडी अडली. म्हणून एकूण आकडा न पाहता एकेका कोरचा पाहावा. कार्डाचा वापर ९५ च्या खाली रेंगाळतो का, हेही पाहावे. मात्र गेममध्येच फ्रेमला मर्यादा घातलेली असेल तर कार्ड विनाकारण रिकामे दिसते, ती आधी काढून टाकावी.

त्या रात्रीची फजिती सांगितलीच पाहिजे. सहा नंबरच्या मशीनवर फ्रेम जेमतेम २०. भाचा कपाळाला हात लावून बसला. शेवटी मशीनच्या मागे वाकून पाहिले, तर पडद्याची वायर कार्डाला न लावता मदरबोर्डला लावलेली. जुन्या प्रोसेसरच्या पोटातच एक लहानसे ग्राफिक्स असते, सगळे चित्र तेच काढत होते. म्हणजे नवा एअरजेट शेडमध्ये उभा करून आम्ही हातमागावर कापड विणत होतो! ही चूक तज्ज्ञांकडूनही होते असे नंतर कळले, तेव्हा कुठे भाच्याच्या जिवात जीव आला.

पुढच्या खेपेस मुळजी जेठा मार्केटचे काम उरकून आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो, या वेळी आकडे लिहून. एकदम आठही बदलायचे नाहीत, एकच मशीन बदलून पाहायची असे ठरवले. एएमडीचा रायझन ५ ५६००, सहा कोरचा, २०२२ सालचा. त्याला लागणारा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि कार्ड तेच जुने. रॅम एक सोळाची न घेता दोन आठच्या घ्याव्यात, म्हणजे प्रोसेसरला माल दोन दारांनी येतो. घरी येऊन लावले. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये फ्रेम दुपटीच्या वर गेल्या, आणि मुख्य म्हणजे गर्दीत पडेनात. सायबरपंक २०७७ लावला, तेव्हा कार्डाचा वापर ९७ टक्के. आता कार्ड खऱ्या अर्थाने कामाला लागले होते.

गर्दीत फ्रेम पडण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. दुकानदार नेहमी सरासरी सांगतो. लूमची महिन्याची सरासरी चांगली असेल आणि दर तासाला धागा तुटत असेल, तर कापड कसे निघेल? सरासरीबरोबर सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही विचारावा. गिऱ्हाईक उठून जाते ते त्या एका टक्क्यामुळे. प्रोसेसरजवळच्या कॅश नावाच्या स्मृतीचा इथे फार उपयोग होतो. गल्ल्यामागच्या कप्प्यात ठेवलेले थान लगेच हाती येते, गोदामातले आणायला पोरगा पाठवावा लागतो, तसाच कॅश आणि रॅममधला फरक. २०२२ साली एएमडीने रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये ही कॅश ९६ एमबी केली आणि केवळ तेवढ्याने बऱ्याच गेममध्ये फ्रेम वाढल्या. पार्लरसाठी मात्र तो खर्च आम्हाला परवडणारा नव्हता.

पैसा कुठे घालायचा हे खेळ पाहून ठरते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारखे स्पर्धेचे खेळ कार्डाला फार जड नसतात, ते प्रोसेसर मागतात. सायबरपंकसारखे देखणे खेळ कार्ड मागतात. पडदा ४के असेल तर ठिपके चौपट होतात आणि ओझे जवळजवळ सगळे कार्डावर येते. आमच्याकडे येणारी दहांतली आठ पोरे स्पर्धेचेच खेळ खेळतात. हे खरेदीच्या आधी विचारले असते, तर कार्ड हलके आणि प्रोसेसर चांगला असा उलटा सौदा झाला असता. आणखी एक : आमचे पडदे ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच बदलणारे. मशीन १५० फ्रेम काढो, डोळ्यांना दिसणार ६०. म्हणून दोन पडदे १४४ चे घेतले, आता त्या खुर्च्यांसाठी भांडणे होतात.

जुन्या कार्डांबद्दलही सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि रात्रंदिवस त्यासाठी राबवलेली कार्डे बाजारात उतरली. सगळी खराब नव्हती, परंतु पंखे घासलेले, आतली पेस्ट सुकलेली असे पुष्कळ. जुने कार्ड अर्धा तास जड गेम चालवून, तापमान बघून मगच घ्यावे. आणि नव्या कार्डांवर ‘फ्रेम दुप्पट’ असे लिहिलेले असते, त्यातही पाहून घ्यावे. २०२२ पासून काही कार्डे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक अंदाजाने काढलेली फ्रेम घालतात. डोळ्यांना चित्र मऊ दिसते, पण बटण दाबल्यावर उत्तर काही लवकर येत नाही. आमच्या भाषेत हे ताणून मापलेले कापड.

गंमत म्हणजे या सगळ्याचे मूळ आपल्याच धंद्यात आहे. फ्रान्सच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून लूमला नक्षी शिकवली. इंग्लंडच्या बॅबेजने तीच युक्ती आपल्या गणिती यंत्रासाठी घेतली. त्या यंत्रावर १८४३ मध्ये लिहिणाऱ्या एडा लव्हलेस या बाईंनी त्याची तुलना जॅकार्डच्या मागाशीच केली होती. एनव्हिडियाने २०२२ च्या आपल्या कार्डांच्या रचनेला त्यांचेच नाव दिले. हे भाच्याला सांगितले तर म्हणतो, "मामू, मग तुम्हीच बसा दुकानावर."

आठांपैकी सात मशिनी आता बदलून झाल्या. शेवटच्या दोन घेताना, २०२५ च्या अखेरीस, रॅमचे भाव चढले होते. थांबलो असतो तर शुक्रवार गेले असते, म्हणून चढ्या भावाने घेतल्या. सहा नंबरचे जुने मशीन तेवढे काउंटरवर बिलासाठी ठेवले आहे. त्याचे कार्ड आम्ही विकले, आणि पडद्याची वायर आता मदरबोर्डलाच लावलेली आहे.