घाटातील सायकल शर्यत आणि अर्धशक्तीचा विचार

परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याकडे सायकल चढू लागली, की अर्धशक्तीचा विचार प्रत्यक्ष अनुभवास येतो. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागला, म्हणजे बलार्ध झाले, असे सुश्रुतांनी सांगितले आहे. हौशी स्पर्धक मात्र घाटाच्या आरंभीच तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि ईर्षेने तसाच चढत राहतो.

शर्यत अर्धशक्तीवर थांबत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पूर्वतयारीस महत्त्व आहे. स्निग्ध आहारासह नित्य सरावात ही मर्यादा पाळल्यास बल वाढते व तोच चढ हळूहळू मर्यादेत येतो. अर्धशक्ती व्यायामास वाग्भटांनी शीतकाळ व वसंत हे ऋतू योग्य मानले. अकोला-अमरावतीच्या ग्रीष्मात सराव पहाटे व अल्पच असावा.

अतिव्यायामाने तृष्णा, छर्दी, ज्वर, प्रतमक श्वास संभवतात. छातीत दुखणे, भोवळ किंवा उन्हात असंबद्ध बोलणे दिसताच स्पर्धकास सायकलवरून उतरवावे, सावलीत अंग थंड करावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शर्यत पुढील वर्षीही असते, हे स्पर्धकाला आधीच समजावणे हे वैद्याचे कर्तव्य होय.