पोडावरची अंगणवाडी कुणाची?

किनवट तालुका मराठवाड्यात आहे, असे नकाशा सांगतो. जंगल, बोली आणि सोयरीक मात्र एकीकडे पैनगंगेपलीकडच्या यवतमाळशी आणि दुसरीकडे आदिलाबादशी जुळलेली. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत किनवट तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आले आणि पुढे नांदेडचे झाले. मोठी माणसे नव्या कचेरीला सरावली. पण सरकारी शिक्षणात मुलाच्या घरच्या बोलीला काय जागा द्यायची, हा प्रश्न आदिलाबादेत त्याआधीच ऐरणीवर आला होता, आणि नव्या जिल्ह्यात तो कुणी सोबत आणला नाही.

तो ऐरणीवर आला कसा, हे सांगण्यासारखे आहे. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमरम भीम मारला गेला. जमीन आणि जंगल यांवरून गोंड का उठले, हे निजाम सरकारला जाणून घ्यायचे होते. त्यांनी ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादेत धाडले. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मारलवाई नावाच्या गोंड गावात राहिले. १९४३ मध्ये तिथेच गोंड शिक्षण योजना उभी राहिली. तिची मांडणी साधी होती. शिक्षक गोंडांमधून तयार करायचे, पहिली पुस्तके गोंडीत आणि लिपी देवनागरी. मूल आधी स्वतःच्या बोलीत वाचेल, इतर भाषा मागाहून. याच आदिलाबादेत सरकारी नोकरीवर असताना निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले. इतिहासकार म्हणून त्यांना आपण ओळखतो, पण त्यांनी गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली, हे लातूर-नांदेडच्या किती वाचकांना ठाऊक असेल?

आज किनवटमधल्या अंगणवाडीत कोण येते? कुठल्या गावात आंध असतात, त्यांची घरची बोली मराठीच, वळण तेवढे वेगळे. प्रधानही बहुतेक मराठी बोलतात. गोंडांच्या गुड्यावर गोंडी, कोलामांच्या पोडावर कोलामी, तांड्यावर गोरमाटी, सीमेलगत तेलुगू. म्हणजे ‘आदिवासी मूल’ असा एक साचा इथे चालतच नाही. २०११ च्या जनगणनेत देशभर गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, कोलामी बोलणारे सुमारे १ लाख २८ हजार. कोलामांना केंद्राने विशेष असुरक्षित जमातींत गणले आहे. महाराष्ट्रात अशा जमाती तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

कापूस वेचणीच्या दिवसांतले एक घर घ्या. आई उजाडता उजाडता शेतात जाते. तान्हे तिच्यासोबत, धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. झोळीला झोका द्यायला पाच वर्षांची बहीण. अंगणवाडीच्या पटावर त्या बहिणीपुढे गैरहजेरी लागते. तीन वर्षांचे मधले भावंड आजीपाशी उरते. आजीने आणून सोडले तर ते दाराशी बसून राहते. रंग, आकार, अवयव मराठीत विचारले की गप्प. ‘मूल बोलत नाही’ अशी नोंद होते. घरी तेच मूल आजीशी हुज्जत घालून जावा (पेज) मागून घेते.

वजनाच्या दिवशी वेगळा प्रसंग. बाळाचे वजन चारचौघांत मोठ्याने सांगितलेले घरच्यांना आवडत नाही, नजर लागते. (ही नजर पुण्याच्या वाड्यांतही लागायची, तिथे तिला कुणी मागासपणा म्हटले नाही.) कुणी करगोटा आणि ताईत काढायला लावते. शहाणी सेविका तसे करत नाही. ती बाळाला वजनकाट्याच्या झोळीत घालायला आजीलाच सांगते, आकडा वहीत लिहिते आणि आईला बाजूला घेऊन काय खाऊ घालायचे ते सांगते. ताईताच्या चार ग्रॅमने तक्ता बिघडत नाही, आजी बिथरली तर मात्र पुढच्या महिन्यात बाळच येत नाही.

हे शहाणपण महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, कारण त्यांच्याकडे गुरे आणि धाकटी भावंडे होती. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही, शाळेची रचना बदलली. गुराख्यांसाठी कुरणशाळा, भावंडांसाठी पाळणाघर आणि पाड्यावरच्या अंगणात भरणारी बालवाडी, म्हणजे अंगणवाडी. माँटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने. १९७५ साली केंद्राने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर पोचले. शाळेनेच मुलांच्या दिनक्रमाप्रमाणे बदलायचे, ही अट कोसबाडलाच राहिली. त्याऐवजी आता मराठवाड्यातल्या अंगणवाडीच्या भिंतीवरही वारली नाच रंगवलेला दिसतो. वारली राहतात पालघरकडे! किनवटच्या गोंडांचा नाच दंडार आहे. दिवाळीत मोरपिसांचे टोप घातलेले घुसाडी गावोगाव पाहुणे म्हणून जातात, मागे लेकरेही जातात. त्या आठवड्यात पट ओस पडतो, तो काही पालकांच्या उदासीनतेमुळे नव्हे.

आहाराच्या बाबतीत सरकारने एक गोष्ट बरी केली. २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे ताजे जेवण मिळते, त्यात भाकरी, डाळ, पालेभाजी असते. मुलांना अंडे किंवा केळे. हे घरच्या ताटाच्या जवळचे आहे. पाकिटातला घरपोच आहार बायका का खात नाहीत याचे उत्तर मला तरी पाकिटाची चव घेतल्यावर मिळाले. अंड्यावरून वाद घालणारे बहुधा बाहेरचे असतात, पोडावर तो प्रश्नच नाही.

ताट घरच्यासारखे करता येते, तशी भाषाही करता येते. न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाटा इथे पहिले ‘कोहांगा रेओ’ उघडले. या बालवाडीत माओरी आज्या बसतात आणि मुलांशी माओरीतच बोलतात. सत्ता पालकांच्या आणि आज्यांच्या हातात, सरकार पैसा देते. ऑस्ट्रेलियाची वाट फार कडू होती. तिथे सरकार आणि मिशन यांनी पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी मुले आईबापांपासून तोडली. १९९७ च्या चौकशी अहवालाने ते मांडले आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. आपल्याकडे मुले हिसकावून नेली नाहीत, ही तुलना ताणू नये. पण सहाव्या वर्षी आश्रमशाळेत किंवा शहरातल्या नामांकित निवासी शाळेत पोचवलेले मूल सुटीत घरी येते तेव्हा आजीशी किती बोलते, हे विचारायला हरकत नाही. ते घर सोडण्याआधीची तीन वर्षे अंगणवाडीची असतात, म्हणून तिथे आजीची भाषा असण्याला इतके महत्त्व.

अडचण आहे ती नियमांची. आदिवासी भागात अंगणवाडीला ३०० आणि मिनी अंगणवाडीला १५० लोकवस्ती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मागणीनुसार अंगणवाडीचा हक्क दिला, पण सहा वर्षांखालची ४० मुले असली तर. कोलामांचे पोड अनेकदा याहून लहान. सेविकेला आता बारावी पास असण्याची अट आहे. ती अट समजण्यासारखी आहे, पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये माहिती भरायची तर लिहिता-वाचता आलेच पाहिजे. पण पोडावर बारावी झालेली मुलगी नसली की जागा मुख्य गावातल्या मराठी बोलणारीला जाते. मदतनिसालाही तीच अट लावली आहे, आणि ती का लावावी हे मला कळत नाही. भात शिजवायला, मूल झोपवायला, गोष्ट सांगायला बारावी कशाला? सेविका गावठाणातली असली तरी चालेल, मदतनीस पोडावरची हवी. तिच्यासाठीची शिक्षणाची अट कोलाम आणि गोंड वस्त्यांपुरती काढावी आणि निवडीत तिथल्या बायकांचे मत घ्यावे. २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत असुरक्षित जमातींच्या वस्त्यांवर नव्या अंगणवाड्या धरल्या आहेत. इमारतीचा निधी येईल, रंगही लागेल. मदतनिसाची जाहिरात निघेल तेव्हा तिच्या पात्रतेच्या रकान्यात कोलामी येणे ही अट आहे की नाही, तेवढे वाचून घ्यावे.