18 जणींमागे एक

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांसह जिल्ह्यातल्या खेड्यांत 1620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी घेतली. निष्कर्ष 2006 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. अतिरक्तस्राव (500 मिली किंवा अधिक) औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत 12 टक्के, खरी गोळी घेतलेल्यांत 6.4 टक्के. ‘धोका जवळपास निम्मा’ किंवा ‘18 जणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो’, दोन्ही खरं. गावातल्या नर्सबाईंना मात्र यातलं दुसरं वाक्य सांगावं. त्यातून किती गोळ्या लागतील तेही कळतं.

आणि हे रक्त अंदाजपंचे नव्हे, बाळंतिणीखाली अंथरलेल्या, खुणा आखलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मोजलं होतं. नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांश कमी भरतो, हेही बेळगावातच मोजून दाखवलं गेलं.