साठाव्या हप्त्याच्या आधी

टेंभुर्णीत मी पोस्टाच्या आरडीचे हप्ते गोळा करते. कागदावर माझी एजन्सी 'महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजने'ची, पण गावात सगळे मला आरडीवाल्या काकी म्हणूनच ओळखतात. हायवेवरचे हॉटेलवाले, गॅरेजवाले, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुली, उसाचे नि केळीचे शेतकरी, अशा सगळ्यांची कार्डं माझ्या पिशवीत असतात. त्यांतली पुष्कळशी घरासाठीची आहेत. खातं उघडतानाच माणूस सांगून टाकतो, "काकी, पाच वर्षांनी जागा घ्यायची."

पैसे घरासाठी आहेत हे त्याला ठाऊक असतं, मला ठाऊक असतं, खात्याला मात्र ठाऊक नसतं. आरडी मुलीच्या लग्नाला असो की घराला, अटी त्याच. म्हणून घराचा विचार करणाऱ्यानं व्याजाच्या आकड्याआधी एक गोष्ट विचारावी असं मला कळकळीनं वाटतं: मधेच पैसे लागले तर काय होईल?

हे मी एका टेम्पोवाल्या पोराकडून शिकले. महिना 5,000 रुपयांची आरडी, एकही हप्ता चुकलेला नाही. चार वर्षं पूर्ण झाली आणि कुर्डुवाडी रस्त्याला त्याला मनासारखी दोन खोल्यांची जागा मिळाली. मालकानं इसाराला पंधरा दिवसांची मुदत दिली. पोरगा सकाळीच दारात. "काकी, आरडी मोडायची हाय."

पोस्टाची आरडी 60 हप्त्यांची. तीन वर्षं झाली की ती मोडता येते, पण मुदतीच्या एक दिवस आधी जरी मोडली तरी सगळ्या रकमेवर व्याज मिळतं ते साध्या बचत खात्याचं, 4 टक्के. आरडीचा दर ऑक्टोबर 2023 पासून 6.7 टक्के आहे आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. त्याच्या 48 हप्त्यांचे 2 लाख 40 हजार झाले होते. आजच्या 6.7 टक्क्यांनी मांडलं तर चार वर्षांचं व्याज साडेपस्तीस हजारांच्या पुढे जातं, 4 टक्क्यांनी ते वीस हजारांच्या आसपासच राहतं. पंधरा हजारांवर रक्कम एका सहीत जाते. टेम्पोचे दोन टायर येतात त्यात.

मला आजही लागून राहिलंय ते वेगळंच. मी त्याला कर्जाचं सांगितलंच नाही. 12 हप्ते भरले की आरडीतल्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याजानं, म्हणजे आजच्या दरानं 8.7 टक्क्यांनी. सव्वा लाखाच्या आसपास त्याला तिथंच मिळाले असते. या दरानं वर्षभराचं त्याचं व्याज अकरा हजारांच्या आत राहिलं असतं आणि आरडी आपल्या गतीनं साठाव्या हप्त्यापर्यंत गेली असती. उरलेली रक्कम त्याला दुसरीकडून उभी करावी लागली असती हे खरं. पण निवड त्याची त्याला करता आली असती.

तेव्हापासून घरासाठी कोणी 5,000 भरतो म्हणाला की मी एक खातं उघडू देत नाही. 2,000, 2,000 आणि 1,000 अशी तीन उघडायला लावते. इसाराला थोडे कमी पडले तर एकच मोडायचं, बाकीच्या दोन्हींचं व्याज शाबूत. उलटही होतं. पाच वर्षं भरतात, जागा मात्र जमत नाही. अशा वेळी खातं आणखी पाच वर्षांपर्यंत वाढवता येतं. वाढवलेल्या काळात ते कधीही बंद केलं तरी पुऱ्या झालेल्या वर्षांना आरडीचाच दर मिळतो.

हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला 1 रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि पुढच्या दोन महिन्यांत ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं. नोकरदाराला याचं काही वाटत नाही, पण आमच्याकडे पैसा महिन्याला येत नाही. ऊस कारखान्याला गेल्यावर 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यावी असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं वर्षातला मोठा पैसा तो एवढाच. त्याला मी दर महिन्याला कुठं गाठू? त्यासाठीची सोय नियमातच आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. सहा हप्ते एकदम भरले तर शंभराला 10 रुपये सूट, बारा भरले तर 40 रुपये. महिना 2,000 ची आरडी असेल तर उसाचं बिल आल्या आल्या वर्षाचे 24,000 भरायचे आणि त्यातून 800 रुपये आपले वाचवायचे. दंडाचा प्रश्नच उरत नाही.

आणखी एक. कार्डावरची माझी सही म्हणजे मी पैसे घेतल्याची खूण. ते पोस्टात पोचल्याची खूण पासबुकातली नोंद. ती नोंद दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः बघा, एजंट सख्खी बहीण असली तरी.

जास्त व्याज म्हणून लोक इतर दारांनाही जातात. पीपीएफ 7.1 टक्के देतं, पण ते 15 वर्षांचं. मुदतीआधी बंद करायला गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा परदेशी वास्तव्य अशी कारणं चालतात. घर त्या यादीत नाही. सातव्या वर्षापासून काही भाग काढता येतो, त्यावरच काय ते गणित बसवायचं. कर वाचवायची पाच वर्षांची बँक ठेव तर मधे मोडताही येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. पतसंस्थेची पिग्मी रोज दारात येते, सोयीची असते. पण बँकेतल्या ठेवीला 2020 पासून प्रत्येकी 5 लाखांपर्यंत, व्याज धरून, विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. माझ्या सासूबाईंची ठेव एका पतसंस्थेत अडकली होती. त्या गेल्या तरी ती सुटली नाही. घरासाठीचा पैसा तिथं ठेवू नका असं मी म्हणते तेव्हा ते एजंट म्हणून नाही, सून म्हणून म्हणते.

घरासाठी मुळात किती जमवायचं, हाही हिशेब लोक अर्धाच करतात. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते. म्हणजे 25 लाखांच्या घराला अडीच लाख पुरतील असं वाटतं. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. नोंदणी फी 1 टक्का, फार तर 30 हजार. मुद्रांक शुल्क त्याहून कितीतरी जास्त. ते सगळं खिशातून. खरेदी फक्त बाईच्या नावानं केली तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, आणि हे मी प्रत्येक नवऱ्याला बायकोसमोर सांगते.

आपल्याकडे फक्त घरासाठीचं खातं कधी नव्हतं असं नाही. राष्ट्रीय गृहनिर्माण बँक 1988 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं गृहकर्ज खाते योजना आणली. आधी काही वर्षं नेमानं बचत करा, मग त्या बचतीच्या पटीत कर्ज घ्या, अशी तिची रीत. त्या खात्याला पैसे कशासाठी आहेत ते ठाऊक होतं. तसं खातं आज पोस्टाच्या खिडकीवर मिळायला हवं, असं मला फार वाटतं.

इंग्लंडमध्ये ते मिळतं. माझी भाची तिकडे नोकरीला आहे, तिनं मध्यंतरी फोन केला. "मावशी, तुझा धंदाच हा, जरा अटी समजावून दे." खात्याचं नाव लाइफटाइम आयसा, 2017 साली सुरू झालेलं. वर्षाला 4,000 पौंडांपर्यंत भरायचे, सरकार त्यावर 25 टक्के घालतं. वाचताना माझेही डोळे मोठे झाले. मग काढण्याची अट आली. पहिलं घर, साठी ओलांडणं किंवा जिवावरचं दुखणं यांखेरीज पैसे काढले तर 25 टक्के कापतात. तिला वाटलं, दिलेलं परत घेतात, एवढंच. मी कागदावर मांडलं. 800 भरले, 200 सरकारचे, झाले 1,000. त्यांचे 25 टक्के म्हणजे 250. हातात 750. स्वतःचेच 50 गेले. शिवाय घर साडेचार लाख पौंडांच्या वर गेलं तर ते त्या खात्याच्या हिशेबात बसतच नाही.

पण खरी अडचण पुढच्या ओळीत होती. 'पहिलं घर' घेणारा म्हणजे जगात कुठंही, कधीही, घरात मालकीचा हिस्सा नसलेला माणूस. वारशानं आलेला हिस्साही धरला जातो. आपल्याकडेही प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात घर घेणाऱ्याला व्याजाचं अनुदान हवं असेल, तर नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांपैकी कुणाच्याही नावे देशात कुठं पक्कं घर नसावं लागतं. पुण्यात भाड्यानं राहणारा आमच्याकडचा पोरगा स्वतःला बेघर समजतो आणि गावातल्या घराच्या ग्रामपंचायतीतल्या नमुना 8 उताऱ्यावर, वडील गेल्यावर झालेल्या वारस नोंदीत, त्याचं नाव असतं. बहिणींचंही असतं. ते नाव कुणी आनंदानं लावलेलं नसतं, तेराव्यानंतर तलाठ्याकडे नि ग्रामपंचायतीत चकरा मारून लावलेलं असतं. तिथं आपण घरमालक झालो, हे मनातही येत नाही.

भाचीचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. मी तिला विचारलं, "उताऱ्यावर तुझं नाव आहे का गं?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मावशी, ते घर तर आईचं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीतून उतारा काढला. चार नावं होती, तिसरं तिचं. फोटो काढून पाठवला आणि कळवलं की खात्यात एक पौंडही टाकायच्या आधी हा कागद तिथल्या वकिलाला दाखव. तिनं भेटीची वेळ घेतली आहे.